नसलेल्या भिंतीचा अंदाज

१

उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलं आणि फीतकाका जागच्या जागी थबकले. मोजणीच्या फितीचं टोक हातात तसंच राहिलं.

"भिंत कुठे गेली?" ते म्हणाले.

मागून येणाऱ्या अंदाजबाईने त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. समोर एकच लांबलचक खोली. या टोकाला शिवणयंत्र, त्या टोकाला पुस्तकांचं कपाट, मध्ये अंथरलेली मोठी सतरंजी, आणि मागच्या भिंतीशी शेजारी शेजारी दोन खाटा. खोली छान हवेशीर होती. पण अंदाजबाईच्या हातातल्या नकाशात याच खोलीच्या मधोमध एक जाड रेघ होती, रेघेच्या दोन बाजूंना दोन चुली, आणि खाली काकांच्या वळणदार अक्षरात 'कुटुंबे दोन' असं लिहिलेलं होतं.

"कसली भिंत?" यंत्रावर बसलेली थोरली बहीण म्हणाली.

"अहो ताई, मधली. इकडे तुम्ही, तिकडे तुमची बहीण. मागच्या मोजणीला मी स्वतः मोजली की!"

"इथे कधी भिंत नव्हतीच."

धाकटी बहीण कपाटाशी उभी होती. तिने मान डोलावली. "वडिलांनी बांधलं तसंच आहे घर. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, भाऊ. दुसरं कुठलं तरी घर असेल."

दोघी साठी ओलांडलेल्या. आवाज दोघींचे शांत. पण बोलताना एकीनेही दुसरीकडे पाहिलं नाही, हे अंदाजबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

काकांनी फीत गुंडाळली. ती गुंडाळताना त्यांची बोटं दोनदा चुकली. बाहेर आल्यावर गाडीच्या दाराला हात लावून ते इतक्या हळू बोलले की तिला कान द्यावा लागला.

"पोरी, मी ती भिंत खरंच पाहिली होती ना गं?"

२

मोठा रस्ता जायचा तर त्याच्या वाटेत येणारी जमीन, घरं, विहिरी, झाडं सगळं घ्यावं लागतं, आणि घेण्याआधी त्याची किंमत काढावी लागते. ते काम अंदाजबाईचं. अंदाज फुगवला तर वरचे लोक रस्ताच रद्द करतात, आणि कमी धरला तर निम्म्या लोकांची घरं पडल्यावर तिजोरी रिकामी होते. मग उरलेल्यांना ना घर, ना भरपाई. तिने हे एकदा होताना पाहिलं होतं. तेव्हापासून ती म्हणायची, "अंदाज म्हणजे हवेत मारलेला बाण नव्हे. मला प्रत्येक भिंत खरी हवी."

कुठली भिंत खरी, हे तिला आजवर ज्यांनी सांगितलं ते फीतकाका. नोकरीला लागली तेव्हा फीत कशी ताणायची इथपासून सगळं ती त्यांच्याकडून शिकली होती. निवृत्तीला आलेला माणूस. अलीकडे ते चष्मा विसरायचे, एकदा जेवणाचा डबा बसमध्ये राहिला, एकदा तर तिलाच आपल्या मुलीच्या नावाने हाक मारली. ऑफिसात लोक हसायचे. काकाही हसायचे. फक्त तिला ठाऊक होतं की काकांचे वडील म्हातारपणी आधी चष्मा, मग घराचा रस्ता आणि शेवटी मुलालाही विसरले होते.

साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले.

"दोनच शक्यता आहेत. एक तर भिंत होती, आणि नोटीस लागल्यावर मालकांनी पाडली. तसं असेल तर त्यांची भरपाई अडकेल. नाहीतर भिंत नव्हतीच, आणि आपल्या माणसाने एका घराची दोन कुटुंबं दाखवली. ती का दाखवली, हे मग विचारावं लागेल."

"साहेब, पहिल्या फेरीत फोटो बाहेरूनच काढतो आपण. बाहेरून तर आजही दोन दारं आहेत."

"दारांचं काय घेऊन बसलात? शेजारी काय म्हणतात?"

"शेजारी म्हणतात, दोघी बहिणी कैक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. पण आत कुणी गेलेलं नाही."

साहेब विचारात पडले. "मला एक कळत नाही. या नोकरीत लोकांनी एकाची दोन घरं केलेली मी रग्गड पाहिली. दोन कुटुंबांना दोन नवी घरं मिळतात, म्हणून. दोनाचं एक करणारं कुणी पाहिलंय का?"

तिनेही पाहिलं नव्हतं. स्वतःच्या हाताने आपलं नुकसान कोण करून घेईल?

ती जागेवर परतली, तर काका तिच्या टेबलापाशी उभे होते. टेबलावर फीत होती, आणि फितीखाली एक अर्ज. नोकरीतून मुदतीआधीच मोकळं करावं. कारण: प्रकृती.

"दोघी बायका सांगतायत नव्हती म्हणून," ते म्हणाले. "एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोघी. त्या कशाला संगनमत करतील? माझंच डोकं... वेळेवर थांबलेलं बरं, पोरी."

तिने अर्ज खणात टाकला आणि खणाला किल्ली लावली. "चार दिवस द्या मला, काका. तोवर हा अर्ज मी पाहिलेला नाही."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गेली.

थोरली दारात आडवी उभी राहिली, पण "पाणी तरी द्याल की नाही, मावशी?" म्हटल्यावर तिला बाजूला व्हावंच लागलं. पाण्याचा पेला तिने डाव्या हाताने पुढे केला. उजव्या हाताला जुन्या कापडाची पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"इस्त्रीने भाजलं. परवाच."

दोरीवर शिवून झालेले कपडे टांगले होते, सगळे चुरगळलेले. फळीवर शिंप्यांची असते तशी जुनी, वजनदार इस्त्री पडली होती. तिची मूठ तडकलेली होती आणि टोक बोथट झालेलं.

"काम अडलं असेल मग."

"अडलं तर अडलं. गिऱ्हाइकं कुठे पळून जात नाहीत."

धाकटी परसदारी कुंड्यांना पाणी घालत होती. पूर्वी बालवाडीत शिकवायची, त्यामुळे बोलण्यात अजूनही गोडवा. कुंड्या एका विटांच्या थप्पीवर मांडलेल्या. विटा अख्ख्या, एकसारख्या, साफ केलेल्या. त्यांच्या शेजारी एक पोतं. पोत्याला हात लावला तर आत नुसते तुकडे.

"विटा कुठून आणल्या, मावशी?"

"पडून होत्या. कधीच्या."

"बहिणीशी बोलणं कधीपासून सुरू झालं?"

धाकटीच्या हातातली झारी कलंडली. "आम्ही... आम्ही काय, बहिणी आहोत. भांड्याला भांडं लागायचंच." मग एकदम, जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही साहेबांना काय ते सांगा. भरपाई अडकली तर अडकू दे. पण माझ्या मुलाला फोन करू नका. दुसऱ्या शहरात असतो तो. त्याला यात ओढू नका."

अंदाजबाई मनातल्या मनात चमकली. भरपाईवर पाणी सोडायला तयार असलेली बाई पोटच्या मुलाला घाबरत होती.

"मुलगा त्रास देतो का?"

"त्रास?" धाकटीचे डोळे भरून आले. "अहो, सोन्यासारखा मुलगा आहे माझा. रोज फोन करतो."

आत येऊन अंदाजबाईने चपला काढल्या आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. "पाय दुखले," ती म्हणाली. दोघी बहिणी एकदम म्हणाल्या, "खुर्ची घ्या ना!" जरा जास्तच घाईने.

ती उठली आणि कुणी काही बोलायच्या आत तिने सतरंजीची कड उचलली.

खाली जुनी काळी फरशी होती. आणि फरशीच्या मधून, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, विटेच्या रुंदीचा फरशी नसलेला खडबडीत पट्टा सरळ गेला होता.

४

भिंत होती. काकांचं डोकं शाबूत होतं.

तिने सतरंजी परत अंथरली. पट्ट्याच्या धाकटीकडच्या बाजूला, अगदी एका ठिकाणी, फरशीच्या कडा ताज्या उडालेल्या होत्या, तेवढं मात्र बघून ठेवलं.

"मी साहेबांना आज काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. काल आले होते ते काका रात्रभर झोपलेले नाहीत. तुम्ही भिंत नव्हती म्हणालात ना, तर त्यांना वाटतंय की त्यांची स्मृती चालली. वडिलांची गेली तशी. नोकरी सोडायला निघालेत."

थोरलीने पट्टी बांधलेला हात पोटाशी धरला. धाकटी खाली बसली. अंदाजबाईने पुढे काही विचारलं नाही. ती निघून आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तेव्हा थोरली बाकावर बसलेली होती.

"भिंत होती आणि मी पाडली," ती म्हणाली. "मजूर लावून. मला ऐसपैस जागा हवी होती. धाकटीला काही माहीत नाही, ती मुलाकडे गेली होती. जी काय शिक्षा असेल ती माझी. आणि त्या भाऊंना सांगा, त्यांचं काहीएक चुकलेलं नाही."

"बरं," म्हणून अंदाजबाईने तिला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

दुपारी धाकटीचा फोन आला. आवाज कुजबुजता.

"बाई, बहीण बाहेर गेलीये म्हणून बोलते. भिंत मीच पाडली. माझ्या बाजूने, एक एक वीट काढून. ती बिचारी बघत बसली. तिच्या नावावर काही लिहू नका."

"मावशी, तुम्ही इतक्यात मुलाकडे जाऊन आलात का हो?"

"छे! तिकडे गेल्याला वर्ष झालं. का?"

"सहज."

अंदाजबाईने फोन ठेवला. काल ज्या भिंतीला मालक नव्हता, तिला आज दोन गुन्हेगार मिळाले होते. आणि दोघी खोटं बोलत होत्या.

५

या वेळी ती काकांना घेऊन गेली. काका नको नको म्हणत होते. तिने सतरंजी गुंडाळली आणि त्यांना पट्ट्यासमोर उभं केलं.

काका वाकले. त्यांनी त्या खडबडीत सिमेंटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

"होती," ते म्हणाले.

"होती, काका. आता मावशी, मी सांगते ते ऐका. चुकलं तर थांबवा."

दोघी दोन खाटांवर बसल्या होत्या.

"मी आधी विचार केला, भिंत पडल्याने फायदा कुणाचा? पैशांत पाहिलं तर कुणाचाच नाही. दोन घरांऐवजी एक मिळणार. तेव्हा हे पैशांचं प्रकरण नाही, हे पहिलं. दुसरं म्हणजे परसातल्या विटा. थप्पीतल्या विटा अख्ख्या आणि साफ, पण पोत्यात नुसता चुरा. ज्या हातांनी इतक्या जपून विटा काढल्या ते हात पोतंभर विटा कशाला फोडतील? म्हणजे भिंत दोनदा पाडली गेली. एकदा घाईत, आणि मग सवडीने."

थोरलीने पट्टीचा हात पदराखाली घेतला.

"घाईत कुणी फोडली? फरशीच्या कडा धाकट्या मावशींच्या बाजूला उडाल्यात. विटा तिकडे पडल्या, म्हणजे घाव इकडून बसले. थोरल्या मावशी, तुमची इस्त्री मोडलीये. कपडे चुरगळलेले आहेत ते काही दोन दिवसांतले नाहीत. मोडक्या इस्त्रीने परवा हात कसा भाजेल? तुमचा हात भाजलेला नाही, सोललाय. इस्त्री हातात घेऊन तुम्ही भिंतीवर घाव घातलेत."

"म्हटलं ना मी, मीच पाडली म्हणून!" थोरली म्हणाली.

"ऐसपैस जागेसाठी माणूस मजूर लावतो, मावशी. पोटापाण्याची इस्त्री मोडत नाही. तेव्हा घाई कसली होती? बाजूला दार आहे. ते सोडून माणूस भिंत कधी फोडतो? दार आतून बंद असेल आणि हाका मारून कुणी उघडत नसेल तेव्हा."

धाकटीने पदर तोंडाशी नेला.

"या खाटेच्या दांडीला एक नाडी बांधलीये. तिच्या टोकाला मनगट मावेल एवढा फास आहे. दोन खाटा, एक नाडी. एकीला काही झालं तर दुसरीला जाग यावी म्हणून. धाकट्या मावशी, तुम्हाला झटके येत असणार. आणि ते तुमच्या मुलाला कळता कामा नये."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"दुपारची वेळ होती," थोरली शेवटी म्हणाली. आवाज खरबरीत झाला होता. "आम्ही बोलत नव्हतो, पण भिंत पातळ. तिचं सगळं ऐकू यायचं मला. कधी उठली, कधी खोकली, रेडिओवर काय लावलं. त्या दिवशी भांडं पडलं, मग ती पडली, मग पाय आपटल्याचा आवाज. मी दार ठोठावलं. आतून अडसर. ओरडले, तर गल्लीत दुपारचं कुणी नाही. हाताशी इस्त्री होती. किती घाव घातले कुणास ठाऊक. भोक पडलं तशी सरपटत गेले आत."

"मी डोळे उघडले तर हिच्या मांडीवर डोकं," धाकटी म्हणाली. "केसांत विटांचा भुगा. पहिलं काय बोलली माहितीये? 'कार्टे, अडसर कशाला लावतेस?' इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे."

थोरली मध्येच हसली आणि मग तिला रडू फुटलं.

"आणि उरलेली भिंत?" काकांनी विचारलं.

"ती आम्ही दोघींनी काढली, रोज थोडी थोडी," धाकटी म्हणाली. " भोक पडलेली भिंत कुणाच्याही डोळ्यांत आली असती. मुलगा आला असता तर विचारलं असतं त्याने. नसलेल्या भिंतीला कोण विचारतंय, असं वाटलं. आणि दोन कुटुंबं म्हणून दोन घरं मिळाली असती, तीही चिठ्ठ्या टाकून, एक इथे, एक तिथे. मग पुन्हा पडले तर मधली भिंत फोडायलाही ही नसती."

"मुलाला का नाही सांगायचं?"

"तो मला न्यायला येईल, बाई. प्रेमानेच नेईल, तीच तर भीती. दिवसभर तो आणि सून दोघंही कामाला. मी तिकडे बंद खोलीत, आणि ही इथे."

थोरली उठून काकांसमोर आली. तिने पट्टीचा हात पुढे केला, मग संकोचून मागे घेतला. "भाऊ, आम्ही आमचं झाकायला तुम्हाला खोटं पाडलं. तुमच्या मनाला काय लागलं असेल, याचा विचारच केला नाही. माफी कशी मागू?"

"मागू नका, ताई," काका म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. "चष्मा विसरतो मी. ते खरंच आहे. पण भिंत नाही विसरलो. एवढं आज पुष्कळ झालं."

६

अंदाजबाईने जे घडलं ते शेऱ्यात जसंच्या तसं लिहिलं. भिंत पहिल्या मोजणीच्या वेळी होती. आत अडकलेल्या बहिणीचा जीव वाचवण्यासाठी ती फोडली, उरलेली दोघींच्या संमतीने काढली. आज घर एक, कुटुंब एक.

साहेबांनी शेरा दोनदा वाचला. "लबाडी म्हणायची तर कुणाला लुबाडलं यांनी? सरकारचं तर एक घर वाचलं," ते म्हणाले आणि सही केली. "पण मुलाला कळायला हवं हो. असल्या दुखण्यात लपवाछपवी बरी नव्हे."

हे अंदाजबाईने त्या दोघींना आधीच सांगितलं होतं, जरा रागावूनच. धाकटीने चार वेळा फोन उचलला आणि ठेवला. शेवटी थोरलीने नंबर फिरवून फोन तिच्या कानाला लावला.

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला, येताना आईचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊन. आल्या आल्या चिडला, दोघींना नाही नाही ते बोलला. मग मावशीच्या हाताची पट्टी आपण बदलतो म्हणाला, आणि पट्टी सोडल्यावर तो बोलायचा थांबला. बोटांवर कातडी अजून नीट आली नव्हती. मावशीचा हात तो आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिला. संध्याकाळी आईला डॉक्टरकडे नेलं, औषधं लिहून आणली, कोणती गोळी कधी ते मावशीकडून पाठ म्हणून घेतलं. परत जाताना बॅग रिकामीच होती.

काकांचा अर्ज अंदाजबाईने खणातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फाडला, पण तिच्या आग्रहाने तेही डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं चालायचंच, वर्षाने पुन्हा दाखवा. काकांनी ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, दोघांना तर दोनदा.

सह्यांच्या दिवशी दोघी बहिणी ऑफिसात आल्या. कागदावर कुटुंबप्रमुख असा एकच रकाना होता.

"हिचं नाव लिहा," धाकटी म्हणाली. "थोरली आहे."

"माझं कशाला? लिहिण्यावाचण्याचं सगळं हीच बघते. हिचं लिहा."

"मी सांगते ना!"

"तू कधी ऐकलंयस माझं, म्हणून मी ऐकू?"

आवाज चढायला लागले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. फीतकाका खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होते. अखेर थोरलीने पेन ओढून घेतलं आणि धुसफुसत स्वतःचं नाव घातलं.

दोघी उठल्या. थोरलीने धाकटीची पिशवी घेतली, धाकटीने तिची छत्री. दारापर्यंत गेल्यावर अंदाजबाईला राहवलं नाही.

"मावशी, एक विचारू? तेव्हा भिंत घालण्याएवढं भांडण झालं होतं ते कशावरून?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीचे ओठ घट्ट मिटले. धाकटीने मान फिरवली.

"ते नका विचारू, बाई," थोरली म्हणाली. "ते अजून मिटलेलं नाही."

आणि धाकटीच्या दंडाला धरून, पायऱ्या जपून उतर असं तिला दरडावत, ती चालू लागली.